फ्रान्स्वाझ आर्दी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

आधी उच्चार सांगा. हार्डी की आर्दी?

आर्दी. फ्रेंच लोक ह गिळून टाकतात, त्यामुळे लॉरेल-हार्डीतला हार्डी इथे चालत नाही. पहिलं नाव फ्रान्स्वाझ, त्यातला झ झाडातला, झेंड्यातला नाही. आणि आपण लता, आशा असं एकेरी म्हणतो ना, तसंच मी पुढे सगळीकडे 'ती' म्हणणार आहे, कुणी मनावर घेऊ नका.

ही नक्की कोण? मी तर नाव पण ऐकलं नाहीये.

नाव नसेल ऐकलं, पण गाणं कुठे ना कुठे कानावर पडलं असेल. वेस अँडरसनच्या 'मूनराइज किंगडम'मध्ये ती पळून गेलेली दोन पोरं समुद्राकाठी रेकॉर्ड प्लेअर लावून अंगात आल्यासारखी नाचतात बघा, ते 'ल तां द लामूर' हे गाणं हिचं. सिनेमा २०१२ चा, गाणं १९६२ चं.

थोडक्यात सांगायचं तर पॅरिसची पॉप गायिका, जन्म १७ जानेवारी १९४४, मृत्यू ११ जून २०२४. पहिली रेकॉर्ड १९६२ ला आणि शेवटचा अल्बम २०१८ ला, म्हणजे मध्ये छप्पन्न वर्षं. यातली स्टेजवरची किती? जेमतेम सहा. बाकीची पन्नास वर्षं ही बाई स्टुडिओत जायची, गायची आणि घरी यायची, आणि तरी लोक तिला विसरले नाहीत. मला तिच्याबद्दल जे काही कुतूहल आहे ते सगळं इथून सुरू होतं.

मी स्वतः पहिल्यांदा ऐकली ती फ्रेंचच्या क्लासमध्ये. बारावीला स्कोरिंग म्हणून फ्रेंच घेतलेली आमची बॅच, भाषेवर प्रेम वगैरे काही नाही, नुसते मार्क हवेत, आणि बाईंनी एक दिवस पुस्तक मिटून गाणं लावलं तर काय, पहिल्या कडव्यातले जवळजवळ सगळे शब्द कळले. मुलगे, मुली, माझ्या वयाचे, रस्ता, दोघं दोघं. परक्या भाषेतलं गाणं असं थेट कळलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

लहानपण कसं होतं?

एकटं. जन्म पॅरिसच्या नवव्या विभागातला, जर्मनांचा ताबा असतानाचा, ती जन्मली तेव्हा हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता असं ती सांगायची. आईने एकटीने वाढवलं, ही आणि धाकटी बहीण, दोन खोल्यांच्या घरात. वडील होते पण दुसरीकडे लग्न झालेले, अधूनमधून येणारे. शाळा नन्सची, तिथे बाकी सगळ्यांचे आईबाप एकत्र राहणारे, आणि हिची फी वडिलांकडून उशिरा यायची, त्या वयात त्याची किती लाज वाटते ते ज्याची फी थकलीय त्यालाच कळेल. त्यात आजी कायम सांगायची की तू दिसायला चांगली नाहीस. पुढे जिच्या फोटोंसाठी जगभरची मासिकं रांगेत उभी राहिली त्या बाईला आपण सुंदर आहोत हे कधी आतून पटलंच नाही, आणि हे ती स्वतः कितीदा तरी बोललीय.

गिटार कधी हातात आली?

सोळाव्या वर्षी, १९६० ला. बॅक म्हणजे आपली बारावी म्हणा, ती पास झाल्याबद्दल बक्षीस काय हवं असं घरून विचारलं, तर तिच्या मनात दोन वस्तू, ट्रान्झिस्टर नाहीतर गिटार. ट्रान्झिस्टर घेतला असता तर इथे लिहायला काही उरलंच नसतं. तोवर ती रेडिओ लक्झेंबर्गवर इंग्लिश-अमेरिकन गाणी ऐकायची. तीन कॉर्ड जमले तशी स्वतःची गाणी रचायला लागली. शिक्षण नावापुरतं चालू होतं, आधी राज्यशास्त्राच्या नामांकित कॉलेजात, ते सुटलं, मग सॉरबॉनला जर्मन.

मग मिरेय नावाच्या गायिकेच्या गाण्याच्या शाळेत गेली, ऑडिशन दिल्या. एका मोठ्या कंपनीने नको म्हटलं, पण तिथे आपला आवाज टेपवर ऐकून तिला वाटलं, अरे, वाटलं होतं तितका वाईट नाहीये. शेवटी नोव्हेंबर १९६१ मध्ये वोग कंपनीने करार केला. त्यांचा रॉक गायक जॉनी हॅलिडे नुकताच दुसऱ्या कंपनीत गेला होता, त्यांना त्याच्या जागी तसलीच एक मुलगी हवी होती. मिळाली ती नेमकी उलट्या स्वभावाची.

पहिलंच गाणं इतकं चाललं कसं?

यात नशिबाचा भाग मोठा आहे. कंपनीने पहिल्या रेकॉर्डवर चार गाणी घेतली, त्यातलं 'ओ ओ शेरी' हे अमेरिकन गाण्यावरून उचललेलं, आणि भाव खाणार तेच अशी त्यांची खात्री. बाकीची तीन हिची. पण लोकांनी उचललं ते 'तू ले गार्सों ए ले फीय', म्हणजे 'सगळी मुलं आणि मुली'.

२८ ऑक्टोबर १९६२. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायचा का यावर द गॉल यांनी सार्वमत घेतलं होतं आणि संध्याकाळी टीव्हीवर निकाल सांगत होते. फ्रान्समध्ये तेव्हा चॅनेल एकच, म्हणजे आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात व्हायचं तसं, सगळा देश एकाच पडद्यासमोर बसलेला. निकालांच्या मधल्या रिकाम्या वेळात ही अठरा वर्षांची उंच, सडपातळ मुलगी येऊन गायली. दुसऱ्या दिवसापासून दुकानात लोक रेकॉर्ड मागायला लागले, आणि लाखांनी खप झाला.

त्या गाण्यात एवढं आहे काय?

काहीच नाही, तीच तर मजा आहे. माझ्या वयाची सगळी मुलंमुली जोडीजोडीने रस्त्यावरून फिरतात, हातात हात, उद्याची भीती नाही, आणि मी एकटी चालतेय कारण माझ्यावर कुणी प्रेम करत नाही. संपलं. मागे एक गिटार, साधा ठेका, चाल तीच तीच फिरून येते. आवाज रडका नाही, तक्रारीचा पण नाही, शाळेतून घरी जाताना कुणी स्वतःशी बोलावं तसा सपाट.

गंमत म्हणजे तिला स्वतःला ते रेकॉर्डिंग अजिबात आवडायचं नाही. तीन तासात चारही गाणी उरकली आणि वाजवणारे पॅरिसमधले सगळ्यात वाईट होते, अशा अर्थाचं ती आयुष्यभर बोलत राहिली. मला विचाराल तर तो किरकोळ साज आहे म्हणूनच ते गाणं चालतं, पण हे तिला कोण सांगणार.

'ये-ये' हा काय प्रकार?

त्या काळच्या तरुणांच्या फ्रेंच पॉपला इंग्लिश गाण्यातल्या 'येह येह'वरून पडलेलं नाव. १९५९ पासून युरोप १ रेडिओवर 'साल्यु ले कोपें' म्हणजे 'काय दोस्तांनो' असा तरुणांचा कार्यक्रम लागायचा, १९६२ ला त्याच नावाचं मासिक निघालं, आणि त्याभोवती जॉनी हॅलिडे, सिल्व्ही वार्तां, फ्रान्स गाल अशी सगळी पोरंपोरी जमली. १९६६ ला झां-मारी पेरिए या फोटोग्राफरने एकाच फोटोत यातले ४६ स्टार उभे केले होते, त्यात ही पण आहे. हा पेरिए काही वर्षं तिचा प्रियकर होता, कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं ते तिला त्यानेच शिकवलं.

बाकीच्यांपेक्षा वेगळी काय मग?

ती लिहायची. बाकीच्या बहुतेकांची गाणी म्हणजे अमेरिकन हिट गाण्यांना फ्रेंच शब्द, नाहीतर कुणा मोठ्या पुरुषाने कोवळ्या मुलीच्या तोंडी घातलेले शब्द. हिच्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी हिचीच. अठराव्या वर्षी, १९६२ मध्ये, मुलगी असून.

युरोव्हिजनला फ्रान्सऐवजी मोनॅकोकडून का गेली?

मोनॅको एवढासा देश, ते आपला गायक फ्रान्समधूनच घ्यायचे. १९६३ ला ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा लंडनला झाली, ती पाचवी आली, आणि फ्रान्सच्या गायकाला पण बरोब्बर तेवढेच गुण, म्हणजे पाचव्या जागेवर दोघं!

बॉब डिलन तिच्या प्रेमात होता हे खरं का?

प्रेमात म्हणजे, न भेटताच. १९६४ च्या त्याच्या अल्बमच्या मागच्या बाजूला छापलेल्या कवितांमधली एक सरळ तिच्या नावाने सुरू होते, सीन नदीच्या काठी वगैरे. मग १९६६ च्या मे महिन्यात पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात त्याचा शो होता, त्या दिवशी त्याचा पंचविसावा वाढदिवस. पहिला भाग काही रंगला नाही, गिटार लावण्यातच वेळ गेला, आणि मध्यंतरात हिला निरोप आला की तू भेटायला ये नाहीतर तो परत स्टेजवर जाणार नाही म्हणतोय. ती गेली. तिला दिसला तो एक पिवळट पडलेला, हाडकुळा, आजारी वाटणारा माणूस. शो झाल्यावर हॉटेलात बरेच जण जमले, तिथे त्याने तिला आपल्या खोलीत नेऊन नवीन दोन गाणी ऐकवली, 'आय वाँट यू' आणि 'जस्ट लाइक अ वुमन'. ती दोन्ही तेव्हा बाजारात यायची होती. ती म्हणायची मी गाणी ऐकण्यात इतकी गुंगले की त्यातून तो मला काही सांगतोय का हे डोक्यातच आलं नाही. पुढे काही नाही. मिक जॅगरने पण हीच माझ्या स्वप्नातली बाई म्हणून सांगून टाकलं होतं, त्याचंही पुढे काही नाही.

सिनेमा, फॅशन?

सिनेमे थोडे केले, १९६६ चा 'ग्रां प्री' हा रेसिंगचा हॉलिवूडपट त्यातला सगळ्यात मोठा, पण तिला अभिनयात रस नव्हता. कपड्यांचं म्हणाल तर कुरेज, ईव्ह सां लोरां, पाको राबान, सगळ्यांनी तिला सजवलं. राबानने १९६८ ला सोन्याच्या छोट्या चकत्या आणि हिरे जोडून तिच्यासाठी एक ड्रेस केला होता. मुलगी घरी जीन्स आणि शर्ट घालून बसणारी.

स्टेज का सोडलं? आवाज गेला होता का?

आवाज कुठे गेला, तिला स्टेज सहनच व्हायचं नाही. हात कुठे ठेवायचे कळायचं नाही, शब्द विसरू याची धास्ती, पोटात गोळा. त्यात दौरे म्हणजे रोज नवीन गाव, हॉटेलची खोली, आणि ज्याच्यावर जीव आहे तो माणूस पॅरिसमध्ये. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात तिचे शो गाजत होते तेव्हाची ही गोष्ट आहे, पडत्या काळातली नाही. १९६८ नंतर तिने लाइव्ह गाणं बंदच केलं. वय चोवीस.

आता विचार करा, आपल्याकडे एखाद्या गायिकेने चोविसाव्या वर्षी सांगितलं की मी इथून पुढे एकही कार्यक्रम करणार नाही, तर लोक म्हणतील संपली. इंग्लिश, इटालियन, जर्मन तीन परक्या भाषांत तिच्या रेकॉर्ड निघत होत्या, इंग्लंडमध्ये १९६५ ला 'ऑल ओव्हर द वर्ल्ड' टॉप वीसमध्ये गेलं होतं, आणि हिने दार लावून घेतलं. माझं मत असं की तिचं खरं काम त्यानंतरच सुरू झालं. हॉलमधल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचाच नाही म्हटल्यावर ती माइकच्या आणखी जवळ गेली, हळू गायला लागली, श्वास ऐकू यायला लागला.

'कोमां त दीर आदियो'मध्ये ते सारखं 'एक्स' 'एक्स' काय ऐकू येतं?

बरोबर ऐकताय. १९६८ चं गाणं, मूळ चाल अमेरिकन, फ्रेंच शब्द सेर्ज गेन्सबूरचे. त्या पठ्ठ्याने यमकच 'एक्स'चं घेतलं. फ्रेंचमध्ये असे शब्द मिळणार किती, मग त्याने क्लीनेक्स आणलं, पायरेक्स आणलं, म्हणजे विरहाच्या गाण्यात टिशू पेपर आणि ओव्हनमधलं काचेचं भांडं. तेही पुरेना तेव्हा 'एक्स्प्लीक', म्हणजे समजावून सांग, हा शब्द चक्क मधून तोडला, 'एक्स' या ओळीच्या शेवटी आणि उरलेलं शेपूट पुढच्या ओळीत. ती हे सगळं इतक्या थंडपणे म्हणते की विनोद आहे का दुःख ते कळत नाही. कसं सांगू तुला निरोप, एवढाच अर्थ.

तिचा सगळ्यात चांगला अल्बम कुठला?

'ला केस्त्यों', १९७१. यावर मी भांडायला तयार आहे. तुका नावाच्या ब्राझिलियन गिटारवालीबरोबर केलेला. नावावरून देहू आठवलं तरी त्याचा काही संबंध नाही, तिचं खरं नाव लांबलचक होतं. दोघींनी आधी पुष्कळ सराव केला, मग स्टुडिओत ही गायली आणि ती गिटार वाजवत बसली, व्हायोलिनं वगैरे नंतर वरून चढवली, आणि तीसुद्धा अगदी बेताने. एका गाण्यात तर शब्द जवळजवळ नाहीतच, नुसता श्वास आणि गुणगुणणं. तेव्हा तो पडला, लोकांना 'सगळी मुलं आणि मुली'वाली हवी होती. आज जुन्या रेकॉर्ड शोधणारे लोक हाच हुडकत फिरतात.

त्याच सुमारास ती लंडनला रेकॉर्डिंग करायची तेव्हा निक ड्रेक नावाचा एक गायक यायचा, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि कोपऱ्यात बसून राहायचा. हिला त्याची गाणी फार आवडायची. पण तो लाजाळू आणि ही त्याहून लाजाळू, त्यामुळे बोलणं असं झालंच नाही.

'मेसाज पेर्सोनेल'बद्दल सगळे इतकं का बोलतात?

१९७३, संगीतकार मिशेल बेर्जे. आधी बराच वेळ ती नुसती बोलते, गात नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला तुमचा आवाज आहे आणि मला जे म्हणायचंय ते शब्द तोंडातून बाहेर येत नाहीयेत, असं काहीतरी. तो बोलण्याचा भाग तिने लिहिला, गायचा भाग बेर्जेने. बोलण्याच्या भागात ती समोरच्याला 'अहो-जाहो' करते हे लक्षात घ्या, फ्रेंचमध्ये पण आपल्यासारखं तू आणि तुम्ही वेगळं असतं. 'तुम्ही' म्हणून प्रेमाची कबुली द्यायची म्हणजे काय अंतर असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही, इंग्लिशमध्ये ते पोचतच नाही.

नवरा कोण? शेवटपर्यंत एकत्र होते का?

झाक द्युत्रों, गायक आणि नंतर नट. आधी त्याच वोग कंपनीत कामाला होता. वर ते सिनेमातलं गाणं सांगितलं ना, पोरं नाचतात ते, त्याची चाल याचीच, म्हणजे जोडी जमायच्या पाच वर्षं आधीची. १९६७ ला एकत्र आले, १९७३ ला मुलगा तोमा झाला, तोही आता नावाजलेला गिटारवादक आहे, आणि लग्न केलं १९८१ ला, कॉर्सिका या फ्रान्सच्या बेटावर. म्हणजे सगळं उलट क्रमाने.

सुखाचा संसार होता असं नाही म्हणता येणार. तो उशिरा येणार, पिणार, इतर बायका, आणि ही वाट बघत बसणार. पॅरिसच्या घरात दोघं वेगवेगळ्या मजल्यावर राहायचे. तिची अर्धी गाणी म्हणजे या माणसाची वाट बघण्याची गाणी आहेत असं म्हटलं तरी चालेल. १९८०च्या दशकाच्या शेवटाला वेगळे झाले, तो कॉर्सिकाला मांजरी घेऊन राहिला, पण घटस्फोट कधीच नाही, फोन चालू. २००० साली दोघांनी एकत्र एक गाणं म्हटलं, जुनंच, 'तुम्ही प्रवासाला निघालाच आहात तर'. ऐका, त्यात त्यांची सगळी गंमत आहे.

ती ज्योतिष बघायची म्हणे?

बघायची म्हणजे काय, नीट अभ्यास केलेला, झां-पिएर निकोला नावाच्या ज्योतिषाकडे. पुस्तकं लिहिली, १९८०च्या दशकात रेडिओवर कार्यक्रम केले. रोजच्या राशिभविष्याचा मात्र तिला राग. तिकडच्या हिशेबाने ती मकर, आणि १७ जानेवारी म्हणजे आपली संक्रांत होऊन गेलेली, त्यामुळे आपल्या पंचांगानेही सूर्य मकरेतच. दोन्हीकडे जुळलं असं क्वचित होतं.

१९८८ ला निवृत्त झाली होती ना?

तसं जाहीर केलं होतं, हा शेवटचा अल्बम म्हणून. मग १९९५ ला इंग्लंडच्या ब्लर बँडबरोबर गायली आणि १९९६ ला 'ल दांजे' घेऊन परत आली, इलेक्ट्रिक गिटारी, अंधारा आवाज, वय बावन्न. नंतर इगी पॉपबरोबर एक जुनं जॅझ गाणं, एअर या जोडीबरोबर एक. २००६ ला फ्रेंच अकादमीने गाण्यासाठीचं मोठं पदक दिलं.

सर्वोत्तम गायकांच्या त्या यादीत ती लताच्या वर होती की खाली?

खाली. २०२३ च्या सुरुवातीला रोलिंग स्टोन मासिकाने २०० जणांची यादी काढली, त्यात लता ८४ वर आणि ही १६२ वर. लता ८४ वर का म्हणून आपल्याकडे लोक चिडले, आणि फ्रान्समधून ही एकटीच. खरं तर या दोघींना एका तराजूत घालणं हाच वेडेपणा आहे. हिच्याकडे ना तान ना वरचे सूर, दीड सप्तकाच्या आत सगळा संसार.

मे १९६८ ला ती कुठे होती?

विद्यार्थ्यांच्या उठावात पॅरिसच्या रस्त्यांवर तिच्या वयाची सगळी मुलंमुली दगड घेऊन उभी होती तेव्हा ही द्युत्रोंबरोबर कॉर्सिकाला निघून गेली. राजकारणात ती कधी डावीकडे नव्हती, २०१२ ला श्रीमंतांवरच्या कराबद्दल कुरकुर केली तेव्हा लोकांनी बरीच टर उडवली.

शेवटची वर्षं कशी गेली?

कठीण. २००४ ला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. त्याच वर्षीच्या अल्बममधलं 'तां द बेल शोज', म्हणजे 'कितीतरी सुंदर गोष्टी', हे मुलाला उद्देशून आहे, मी नसले तरी वगैरे, ते मी फार वेळा ऐकू शकत नाही. २०१५ ला कोमात गेली, डॉक्टरांनी आशा सोडली होती, नव्या केमोने परत आली आणि २०१८ ला 'पेर्सोन दोत्र' हा अल्बम केला. त्याच वर्षी घशाचा कॅन्सर निघाला, रेडिएशनच्या माऱ्याने लाळ सुकली, ऐकू येणं कमी झालं, आणि २०२१ ला तिने सांगून टाकलं की आता मला गाता येत नाही.

आईला दुर्धर आजार झाला तेव्हा एका डॉक्टरच्या मदतीने तिची सुटका झाली होती हे ती उघड बोलायची, आणि स्वतःसाठीही इच्छामरणाचा हक्क मागत होती. डिसेंबर २०२३ ला राष्ट्राध्यक्ष माक्रों यांना जाहीर पत्र लिहिलं. फ्रान्समध्ये तेव्हा त्याला परवानगी नव्हती. ११ जून २०२४ ला गेली, तोमाने लहानपणचा आईबरोबरचा फोटो टाकून एवढंच लिहिलं की आई गेली. अंत्यसंस्कार पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत झाले.

नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी?

अल्बमच्या संख्येने घाबरू नका. आधी 'तू ले गार्सों', मग 'मों आमी ला रोझ', १९६४ चं, गुलाब सांगतो मी सकाळी उमलले आणि रात्री म्हातारी झाले, हे मराठी कानाला लगेच आपलं वाटेल. मग 'कोमां त दीर आदियो', 'मेसाज पेर्सोनेल', आणि एखाद्या रविवारी 'ला केस्त्यों' अख्खा, मध्ये न थांबवता. इस्त्री करताना लावू नका, मी लावला होता, एक शर्ट गेला.

आत्मचरित्राच्या नावात माकडं कुठून आली?

२००८ ला आलं, नाव 'ल देझेस्प्वार दे सेंज', शब्दशः 'माकडांची निराशा', आणि पुढे 'आणि इतर बगातेल', म्हणजे किरकोळ गोष्टी. ही निराशा म्हणजे खरं तर एक झाड आहे, आरोकेरिया. त्याची पानं इतकी टोकदार आणि फांद्यांवर इतकी दाट चिकटलेली की माकडालाही चढता येऊ नये, म्हणून फ्रेंचमध्ये त्याचं नाव तसं. ती पॅरिसच्या बगातेल बागेत फिरायला जायची तिथे असं एक झाड होतं. पुस्तकाचं इंग्लिश भाषांतर २०१८ ला निघालं, ज्यांचं फ्रेंच बारावीनंतर सुटलं त्यांची सोय आहे.